तिसऱ्या आठवड्याची यादी

सत्राचा तिसरा आठवडा लागला की शनिवारी सकाळी मी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी लॅपटॉप उघडून एक यादी काढते. तीत तीनच रकाने असतात: विद्यार्थ्याचे नाव, त्याच्या शेवटच्या लॉगिनची तारीख आणि आतापर्यंत जमा केलेल्या स्वाध्यायांची संख्या. ज्यांच्यापुढे शून्य आहे किंवा ज्यांची तारीख दहा दिवसांहून जुनी आहे, ती नावे मी एका वहीत हाताने उतरवून घेते. संगणक ती एका क्लिकमध्ये निवडून देतो; पण हाताने लिहिताना प्रत्येक नावापाशी थोडे थांबावे लागते, आणि हा माणूस कोण, कुठे राहतो, पहिल्या दिवशी ओळख करून देताना काय म्हणाला होता, हे आठवायला तेवढा वेळ पुरतो.

एका विद्यापीठाच्या ऑनलाइन एम.कॉम.ला मी संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती शिकवते. त्याआधी बरीच वर्षे खडू-फळ्याच्या वर्गात शिकवले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि इतर सगळ्या शिक्षकांसारखी मीही एका रात्रीत पडद्यासमोर येऊन बसले. तेव्हा जे चालले होते त्याला मी ऑनलाइन शिक्षण म्हणणार नाही. ती वेळ निभावून नेण्याची धडपड होती. खरे ऑनलाइन शिक्षण मला त्यानंतर कळले, जेव्हा एरवी ज्यांना वर्गात येणे शक्यच झाले नसते अशी माणसे विद्यार्थी म्हणून समोर आली. माझ्याकडे ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणाऱ्या मुली आहेत, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांचे हिशेब लिहिणारे आहेत, भिवंडीच्या गोदामांत मालाची नोंद ठेवणारे आहेत आणि मुलांना शाळेत सोडून घोडबंदर रस्त्यावरच्या घरी परतल्यावर, अकराच्या सुमारास वही उघडणाऱ्या गृहिणीही आहेत. यांतल्या कुणीही हौसेखातर प्रवेश घेतलेला नाही. कुणाची बढती अडलेली असते, कुणाचे पदवीनंतरचे शिक्षण लग्नामुळे राहून गेलेले असते, आणि फी महिन्याच्या पगारातून थोडी थोडी बाजूला काढून भरलेली असते. अशी माणसे सत्राच्या मध्यात दिसेनाशी होतात तेव्हा ‘हल्ली कुणाला गांभीर्यच राहिलेले नाही’ हे शिक्षकांच्या खोलीतले नेहमीचे वाक्य मला मान्य होत नाही.

यादीची सवय मला माझ्या एका चुकीमुळे लागली. काही वर्षांपूर्वी गोदामात काम करणारा एक विद्यार्थी पहिल्या तीनही आठवड्यांत प्रत्येक थेट तासाला हजर होता आणि नेमके प्रश्न विचारत होता. चौथ्या आठवड्यापासून तो दिसेनासा झाला. मी व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांसाठी आठवण टाकली, प्रणालीकडून आपोआप जाणारे ईमेलही जात होते, आणि एवढ्याने आपले काम झाले असे मी धरून चालले. परीक्षेचे अर्ज तपासताना त्याचा अर्ज आलेला नाही हे लक्षात आले, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, दिवाळीच्या सीझनला दोन आठवडे बारा-बारा तास ड्युटी होती. नंतर स्वाध्याय भरायला गेलो तर लिंक बंद झालेली. मला वाटलं, आपलं नाव कमी केलं असणार.” नाव कुणीही कमी केलेले नव्हते. त्या स्वाध्यायाला एकूण गुणांत फारसे महत्त्वही नव्हते, आणि त्याने विचारले असते तर मी मुदत वाढवून दिली असती. पण हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. बंद झालेल्या लिंकच्या जागी ‘मुदत संपली आहे’ असे तीन शब्द होते, आणि ते आपल्यालाच उद्देशून आहेत असे त्याने मानले. त्याचे ते वर्ष वाया गेले. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा प्रवेश घेतला नाही. त्याचे शिक्षण सुटण्यात माझा वाटा होता, असे मी आजही मानते.

त्या फोननंतर मी या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. आपण सहज म्हणतो की अमक्याने कोर्स सोडला. माझ्या अनुभवात अभ्यासक्रम सोडायचा असे ठरवून सोडणारे फार थोडे असतात. बहुतेकांचा एक दिवस चुकतो, मग एक आठवडा चुकतो, आणि आपण नसल्याने कुणाचे काही अडले नाही हे कळले की परत येण्याचा संकोच वाटू लागतो. वर्गात बाकावरची रिकामी जागा दिसते. शेजारचा सांगतो, ‘तो आजारी आहे, मॅडम’. संध्याकाळी कुणीतरी त्याच्या घरी वही पोहोचवतो. चार दिवसांनी तो आला की ‘कुठे होतास?’ असे चौघे विचारतात. पडद्यावर रिकामी जागा उरतच नाही. चाळीस चौकोनांऐवजी एकोणचाळीस दिसतात आणि ते आपोआप सरकून एकमेकांना चिकटतात. ऑनलाइन वर्गात मन रमावे म्हणून जे काही उपाय सुचवले जातात, त्यांत रंगीत स्लाइड, खेळासारखी प्रश्नमंजूषा, गुणांचे बिल्ले असे पुष्कळ काही असते, आणि त्यातले काही मीही वापरून पाहिले आहे. पण आपण नसलो तर ते कुणाच्या तरी लक्षात येईल, ही खात्री माणसाला जेवढी धरून ठेवते तेवढे दुसरे काहीच धरून ठेवत नाही, असे माझे मत आहे.

मोठ्या प्रमाणावर झालेल्या प्रयोगांतही हेच दिसते. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अभ्यासक्रम जगभर खुला केला, तेव्हा दीड लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्ससारखी मंचपीठे उभी राहिली आणि आता महाविद्यालयांची गरजच उरणार नाही, असे लिहिले जाऊ लागले. मग आकडे येऊ लागले: अशा खुल्या अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोहोचणारे बहुधा दहा टक्क्यांच्या आतच असत. फुकट अभ्यासक्रमाला केवळ कुतूहलाने नाव घालणारे बरेच असतात, हे खरे. म्हणून हा आकडा पदवी अभ्यासक्रमाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही उत्तम प्राध्यापक, उत्तम चित्रीकरण आणि शून्य शुल्क एवढ्यावर लोक टिकत नाहीत, एवढे तरी त्याने सिद्ध केले.

आपल्याकडे ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले. त्याच्या रचनेचे चार भाग ठरलेले आहेत: व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा घेण्यासाठी चाचण्या आणि शंका विचारण्यासाठी चर्चेची जागा. पहिले तीन भाग एकदा तयार केले की पुढच्या सत्रालाही चालतात. चौथ्या भागाला मात्र दर आठवड्याला ताजा माणूस लागतो, आणि म्हणूनच तो सर्वांत आधी ओस पडतो. मला त्या व्यवस्थेतली एक गोष्ट फार आवडते, आणि ती तंत्रज्ञानाची नाही. ‘स्वयम्’वर आयआयटींचे अभ्यासक्रम देणाऱ्या एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारा स्वाध्याय असतात, पण अंतर्गत गुणांसाठी त्यांतले सर्वोत्तम आठच धरले जातात. हे २५ गुण झाले. उरलेले ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. बारापैकी आठ या नियमाचा अर्थ असा की घरात लग्न निघाले, मूल आजारी पडले, मार्चअखेरचे हिशेब अंगावर आले, तरी चार आठवडे चुकले म्हणून काही बिघडत नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांना नोकरी करून शिकणाऱ्या माणसाचे आयुष्य माहीत असले पाहिजे. आमच्याकडेही मी आता दहापैकी सात स्वाध्याय धरते, आणि बंद लिंकखालचे ते तीन शब्द काढून तिथे लिहिले आहे: ‘या स्वाध्यायाची तारीख गेली आहे. पुढचा सोमवारी उघडेल. अडचण असेल तर मला कळवा,’ आणि खाली माझा नंबर. हा मजकूर बदलून घ्यायला मला एक सबंध सत्र पाठपुरावा करावा लागला, पण तो बदलला.

दूर राहून शिकणे आपल्याला नवे नाही, हे मला या संदर्भात नेहमी आठवते. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य गावोगावच्या अभ्यासकेंद्रांच्या पाट्यांवर दिसू लागले. त्या व्यवस्थेने शिकवणाऱ्याला समंत्रक असे नाव दिले आणि रविवारच्या तासाला संपर्कसत्र म्हटले. संपर्क या शब्दाला तिथे वजन होते. माझ्या आईनेही लग्नानंतर पत्राद्वारेच पदवी घेतली. खाकी पाकिटातून तिला छापील पुस्तिका यायच्या, आणि तिने लिहून पाठवलेली उत्तरे काही आठवड्यांनी परत यायची. त्यातले एक उत्तर तिने अजून जपून ठेवले आहे. पिवळ्या पडलेल्या फुलस्केपच्या समासात लाल शाईने लिहिले आहे: ‘मुद्दा बरोबर. उदाहरण तुमच्या अनुभवातले द्या.’ खाली सही आहे, ती वाचता येत नाही. त्या शिक्षकांना आईने कधी पाहिले नाही. पण पुढचे प्रत्येक उत्तर लिहिताना ते वाचणारा कुणी तरी आहे हे तिला ठाऊक होते, आणि दोन लहान मुले व सासूबाईंचे आजारपण सांभाळत ती शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचली.

त्या लाल शाईच्या दोन ओळींत जे होते त्याचा अभ्यास पुढे बाहेर बराच झाला. स्वीडनचे ब्यर्ये होल्मबर्ग दूरशिक्षणाचे साहित्य संवादासारखे असावे, छापील पानानेही विद्यार्थ्याशी बोलावे, असे मांडत राहिले. अमेरिकेतले मायकल मूर यांनी दूरशिक्षणातले अंतर मैलांत मोजू नये, शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात किती बोलणे होते त्यावर ते ठरते, असे म्हटले. २००० मध्ये कॅनडातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी तीन प्रकारच्या उपस्थितीची कल्पना मांडली: विचारांची, सहाध्यायांची आणि शिक्षकाची. मी हे सगळे उशिरा वाचले. वाचताना आईचे ते फुलस्केप डोळ्यांपुढे होते, म्हणून ते मला चटकन पटले.

व्हिडिओविषयी थोडक्यात सांगते, कारण त्याची चर्चा गरजेपेक्षा अधिक होते. २०१४ मध्ये एडएक्सच्या चार अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख वेळा झालेल्या व्हिडिओ-दर्शनाच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात असे दिसले. मी पन्नास मिनिटांचे व्याख्यान तोडून सात-आठ मिनिटांचे भाग केले आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक प्रश्न ठेवला. प्रश्न ठेवण्याला चांगला आधार आहे: २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी दाखवले की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर तो जास्त आठवतो, पण आठवड्यानंतर तो त्यांना अधिक आठवतो ज्यांनी पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेतली होती. शक्य तेवढ्यांनी हे करावे. मात्र व्हिडिओ लहान केल्याने माझी तिसऱ्या आठवड्याची यादी लहान झाली नाही, हेही प्रांजळपणे सांगायला हवे.

ती लहान झाली एका स्वाध्यायामुळे, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. पूर्वी माझा पहिला स्वाध्याय ‘मध्यवर्ती प्रवृत्तीची परिमाणे स्पष्ट करा’ असा असे. त्याची उत्तरे एकसारखी येत; आधी ती गाइडमधून येत, आणि अलीकडे तर एआयकडून लिहून घेतलेली, स्वल्पविरामांसकट सारखी येऊ लागली. ती वाचताना मला कंटाळा येई, आणि लिहिणाऱ्यालाही तो आला असणार. मग मी प्रश्न बदलला. सलग पाच दिवस घरातून निघून कामाच्या ठिकाणी पोहोचायला, किंवा घरचे कोणतेही रोजचे एक काम आटपायला, किती मिनिटे लागली ते लिहा. त्यांची सरासरी, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत ते) काढा. आणि या तीन आकड्यांतला तुमच्या आयुष्याविषयी खरे सांगणारा आकडा कोणता, ते पाच ओळींत लिहा.

दिव्याहून ठाण्याला येऊन तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला जाणाऱ्या एका मुलीने आकडे दिले: ५२, ५५, ५४, ५३, ५६. कासारवडवलीहून टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशनला येणाऱ्या एका विद्यार्थ्याचे आकडे होते: ३५, ४०, ४५, ६०, ९०. दोघांचीही सरासरी ५४ मिनिटे. थेट तासाला मी हे दोन संच शेजारी शेजारी ठेवले तेव्हा वर्गात क्षणभर कुणी बोलेना. मग तो विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, सरासरी सारखी आहे, पण लेट मार्क फक्त मलाच लागतो.” मध्यक तिचा ५४ आणि त्याचा ४५ होता, म्हणजे मध्यकाच्या हिशेबाने तर तो तिच्यापेक्षा सुखी ठरत होता. प्रमाण विचलन काढले: तिचे सुमारे १.४, त्याचे सुमारे १९.८. त्याच्या रोजच्या मनस्तापाला पहिल्यांदा एक आकडा मिळाला. त्या दिवशी एरवी गप्प बसणारी माणसे चॅटमध्ये लिहू लागली. घणसोलीच्या एका बाईंनी पाणी भरायला लागणारा वेळ मोजला होता आणि नळाला पाणी कमी दाबाने येते त्या दिवशीच्या आकड्याने सरासरी कशी ओढली जाते, ते मी शिकवण्याआधीच त्यांनी लिहिले होते. तो तास दीड तासापर्यंत लांबला आणि तरी कुणी निघाले नाही. हा स्वाध्याय दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता येत नाही, कारण त्यातले आकडे त्या एकाच माणसाकडे असतात. पण त्याहून महत्त्वाचे हे की स्वाध्याय वाचून झाल्यावर मला तो माणूस माहीत झालेला असतो. सहाव्या आठवड्यात सहसंबंध शिकवताना मी ‘कासारवडवलीची बस’ म्हटले की तो मान वर करतो.

आता प्रत्येक स्वाध्यायावर मी दोन ओळी लिहितेच, आणि त्या तीन दिवसांच्या आत लिहिते. चाळीस स्वाध्यायांना साधारण चार तास लागतात. वर्ग चारशेचा असेल तर एका शिक्षकाला हे शक्य नाही, हे मी मान्य करते. आणि म्हणूनच ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणजे कमी शिक्षकांत जास्त विद्यार्थी, असे गणित मांडणाऱ्यांशी माझे कधी जुळले नाही. इमारतीचा खर्च वाचतो तो माणसांवर खर्च करावा लागतो.

कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती मी करत नाही. याबाबत माझे सहकारी माझ्याशी सहमत नसतात. परंतु ज्या घरात एकाच खोलीत सासरे झोपलेले आहेत, मुलगा टीव्ही पाहतो आहे आणि कुकरची शिट्टी होते आहे, त्या घरातल्या बाईला चेहरा दाखव म्हणणे म्हणजे तिचे घर दाखव म्हणणे आहे. मी आवाजावर समाधान मानते. प्रत्येक तासाला पाच जणांना नावाने हाक मारते, आणि ते पाच कोण हे आदल्या दिवशी ग्रुपवर सांगून ठेवते, म्हणजे अचानक विचारल्याची भीती राहत नाही.

गटांची रचनाही मी आडनावाच्या आद्याक्षराने करायची सोडली. आता गट राहण्याच्या ठिकाणावरून आणि कामाच्या पाळीवरून होतात: कळवा ते दिवा एक, घोडबंदर एक, ऐरोली ते कोपरखैरणे एक, आणि रात्रपाळीवाल्यांचा वेगळा. मागच्या सत्रात एक गट रविवारी संध्याकाळी तलावपाळीवर भेटू लागला. एकदा गडकरी रंगायतनकडे जाताना मी त्यांना पाहिले. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर चौघे बसले होते, मध्ये भेळेचा कागद होता, आणि त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर एकजण प्रतीपगमन (रिग्रेशन) रेषा काढून दाखवत होता. मी पुढे गेले नाही. शिक्षक आल्यावर बोलणे थांबते. त्या गटातले चौघेही परीक्षेला बसले.

या सत्राच्या यादीत सहा नावे निघाली. दोघांचा पासवर्ड हरवला होता आणि विचारायचे कुणाला हे कळत नव्हते. एकाची बदली पनवेलला झाली आहे, त्याला नेरूळच्या एका विद्यार्थिनीच्या गटात घातले. एकीने सांगितले की विषय झेपत नाही. तिला मी बारावीच्या गणितापासून सुरू होणारे चार छोटे व्हिडिओ पाठवले आहेत आणि बुधवारी अर्धा तास तिच्याशी बोलणार आहे. एकाने मनापासून सांगितले की त्याला आता हे शिक्षण नको आहे. त्याला मी शुभेच्छा दिल्या आणि फी परत मिळण्याची मुदत कोणती ते सांगितले. सहावी कळव्याच्या एका रुग्णालयात बिलिंगच्या खिडकीवर बसते. तिने दोनदा फोन उचलला नाही. तिच्या ओळखीच्या निवेदनात लिहिले आहे की तिची रात्रपाळी सकाळी आठला संपते आणि घरी पोहोचून डबे आटपेपर्यंत साडेदहा होतात. उद्या पावणेअकराला मी तिला पुन्हा फोन करणार आहे.